किनारपट्टीसाठी अंदाज

पहाटे पावणेसहाला मी माईकवर बोट टकटकवते
आणि गावातल्या एकेचाळीस खांबांवरचे कर्णे
एकदम घसा खाकरतात.
सुप्रभात. त्सुबाउरा नगरपालिका.
वायव्येचा वारा, दुपारनंतर जोर धरेल.
लाटा तीन मीटर, पुढे चार.
पाऊस, मधूनच गारा, डोंगराच्या अंगाला बर्फ.

माझाच आवाज डोंगराला आपटून
दीड सेकंदाने परत येतो.
म्हणून मी प्रत्येक वाक्यानंतर थांबते.
गावात नवीन आलेल्याला वाटतं, बाई चाचरते.

आज एक कागद जास्तीचा आहे,
डिसेंबर ते फेब्रुवारीचा.
बर्फ सरासरीपेक्षा कमी : चाळीस टक्के.
सरासरीइतका : तीस.
सरासरीपेक्षा जास्त : तीस.
म्हणजे काय, ते मला विचारू नका.
मी फक्त वाचते, तेही सावकाश.
इथे शाळेत निघालेल्या पोराला सांगतात,
डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस.
एवढ्या अंदाजावर चारशे वर्षं निघाली.

माळी साकुनोसुके देवळातल्या पाइनवर चढलाय.
शेंड्याला बांबू, बांबूच्या टोकापासून
एकेका फांदीला एकेक दोर,
बर्फाच्या ओझ्याने मोडू नये म्हणून.
खालून मी त्याला टक्के ओरडून सांगितले.
तो वरून म्हणाला,
मग काय, चाळीस टक्के झाड तसंच सोडू?

आणि किसाबुरोंचा फोन. रोजचाच. सहा वाजून दोन मिनिटांनी.
वय चौऱ्याऐंशी. नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"गडगडाट लिहिलाय का?"
नाही लिहिलेला.
"नीट बघ."

आमच्याकडे वीज थंडीच्या तोंडावर कडाडते.
बाहेरचे दचकतात; आम्ही कान टवकारतो.
तिचं नावच आहे, बुरीला जागवणारी.
बुरी म्हणजे मासा, दहा-दहा किलोचा,
पाठ निळीकाळी, कुशीला पिवळा पट्टा,
उत्तरेकडून चरबी धरून खाली येतो
आणि ढगांनी हाक मारल्याशिवाय
खाडीत वळत नाही, असं किसाबुरो म्हणतात.
पाणी किती अंशांवर आलं की वळतो,
ते माझ्या कागदावर आहे.
ते मी त्यांना एकदाच सांगून पाहिलं.

त्यांच्या जाळ्यावर पूर्वी अठरा माणसं होती.
आता सात. त्यातली दोन जावाची.
रुसदी सर्वांत लहान; गमबूट दोन नंबर मोठे, आत वर्तमानपत्र कोंबलेलं.
तो खिडकीशी येऊन हळूच विचारतो,
वीज कधी नसेल?
त्याच्या गावी गडगडलं की होड्या वाळूवर ओढतात.
त्याचा एक मामा ओढायला उशीर करून बसला होता.
इथे हे म्हातारे
आभाळ गरजलं की हात चोळत बंदराकडे निघतात.
मी म्हटलं, अजून तरी लिहिलेली नाही.
त्याचा चेहरा सैल झाला.
एकाच ओळीने मी एकाला झोप दिली
आणि एकाची घेतली.

तीन रात्री काहीच नाही. नुसती ओली थंडी,
दोरीला टांगलेले पर्सिमन सुकायचे सोडून घामेजलेले.

चौथ्या पहाटे
सुप्रभात म्हटलं. थांबले.
डोंगराकडून माझा आवाज यायच्या जागी
दुसरंच काहीतरी आलं,
लांब, जड, समुद्राच्या बाजूने,
कार्यालयाच्या काचा थरथरवत.
कागदावर होतं : ढगाळ.
मी ढगाळ वाचलं. नियम आहे.
सहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला नाही.
सव्वासहालाही नाही.
मग बंदराच्या बाजूने इंजिनं सुरू झाल्याचा आवाज आला,
एक, दोन,
आणि बऱ्याच वेळाने तिसरं.
ते रुसदीचं असावं.

संध्याकाळी सायकलच्या टोपलीत
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, हातभर लांब, थंडगार.
गाठ ओळखीची नव्हती. इथे कुणी तशी बांधत नाही.
कागद नेमका हवामानाच्या पानाचा,
भिजून लगदा झालेला.
किनारपट्टीपुढचे आकडे
काही केल्या वाचता येईनात.